तबकडीवर आवाज कुणाचा

ओडेसा,

तुझ्या नावाआधी 'प्रिय' लिहायला हात धजत नाही. नेवार्कमध्ये आपण केलेल्या त्या गाण्याच्या स्वस्तातल्या तबकडीवर गायिकेचं नावच छापलं नव्हतं. चाळीस वर्षांनी ते नाव शोधत आलेल्या, जुन्या गाण्यांवर लिहिणाऱ्या प्रुइटला तू सांगितलंस, "आवाज माझा. व्हर्नेल नुसती टाळ्या वाजवत होती."

टाळ्या तू वाजवत होतीस. त्या गाण्यातला वरचा सूर तुला कधी लागलाच नाही.

काल तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, दोन ओळी गाता?" घशाच्या ऑपरेशननंतर माझी नुसती घरघर निघाली. त्यानं मान खाली घालून वहीत तुझं नाव लिहिलं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तुझा सत्कार आहे. तबकडी वाजवून झाली की सगळे तुला तेच गाणं म्हणायला लावतील. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

हे पत्र टाकणार नाही. तुला आधीच सावध कशाला करू?

तुझी धाकटी बहीण,
व्हर्नेल