गमबुटातला मध

चि. धाकटीस,

तुझा बोका मंगळवारी सकाळी माझ्या हातून मरता मरता वाचला. ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. बोका जिवंत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढे चल. फोन का केला नाही ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला रडू लागतेस आणि उरलेले बोलणे मला तुझ्या हुंदक्यांच्या फटींत कोंबावे लागते. पत्रात तुला मध्ये पडता येत नाही.

आता रीतीप्रमाणे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? लेकीचे टाके सुकले का? बाळ झोपत नाही असे तू कळवलेस. त्या वयाला कोणीच झोपत नाही, त्यात काळजीचे काही नाही. जावईबापूंना सांग की दर रडण्याला उचलले तर पोर पुढे डोक्यावर बसते. (सांगू नकोस. ते ऐकणार नाहीत आणि तू वाईट ठरशील.) मी ठणठणीत आहे. तुझे भाऊजीही ठणठणीत आहेत, असे ते म्हणतात.

तर ऑडिटर. (हे नाव तुझ्या लेकीने ठेवले तेव्हा मी नाक मुरडले होते, पण बोका खरोखरच घरातल्या प्रत्येक वस्तूकडे हिशेबात खोट सापडल्यासारखा बघतो.) लेकीकडे जाताना तू मला सगळे दाखवून गेलीस: त्याच्या मधुमेहाच्या औषधाची बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई, कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब, तो यंत्राच्या पट्टीवर. आणि जाता जाता पुन्हा दारातून मागे येऊन बजावलेस की त्याने पोटभर खाल्ले असेल तरच पूर्ण डोस, नाहीतर आधी डॉक्टरला फोन. मला जरा रागच आला होता. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून उभी हयात काढली. मला नियम एकदा सांगितला की पुरतो.

पहिले संकट रक्ताच्या थेंबाचे. तुझ्याकडे हा प्राणी म्हणे मांडीवर बसून कान पुढे करतो. माझ्याकडे तो कपाटाखाली गेला. मी झाडूने बाहेर काढला, चादरीत गुंडाळला, गुडघ्यांत धरला आणि कान ताणला. तुझे भाऊजी दारात उभे राहून म्हणत होते, "अगं हळू, कान आहे तो, पाकीट नाही फोडायचं." रोज हीच कुस्ती आणि रोज साखर वर. तुझ्या डॉक्टरने दिलेले ते नवे खाणे, तपकिरी रंगाचे कडक दाणे, त्याला आवडणार नाही असे तू म्हणाली होतीस. पण माझ्याकडे भांडे दोन्ही वेळा लख्ख. तुला माहीत आहे, माझ्या घरात पानात टाकलेले मला चालत नाही. वसतिगृहात मी दाराशी उभी राहून ताटे बघत असे, आणि एकाही मुलीची काही टाकून जाण्याची टाप नव्हती. तुझ्या लाडाने बिघडलेला बोका माझ्या शिस्तीत आठवड्यात सरळ झाला, असे मी शेजारणीला ऐकवलेही. (गच्चीवर अलीकडे कावळे फार जमत होते. मी त्याचा दोष हवेला दिला.)

मग मी डॉक्टरला फोन केला. खरे म्हणजे ती तुझ्या लेकीपेक्षाही लहान पोरगी, पण चुणचुणीत आहे. तिला मी जे दिसत होते ते सांगितले: खातो सगळे, साखर तरीही चढलेली. तिने विचारले, नक्की सगळे खातो? मी म्हटले, भांडे मी स्वतः बघते. तेव्हा तिने डोस दोनाचा तीन केला. यात तिची काडीची चूक नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तू आधी तिच्यावरच घसरशील.

मंगळवारी सकाळी भांडे रिकामे होते. मी तीनच्या रेघेपर्यंत औषध ओढले, दिले, आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर ऑडिटर जेवणाच्या टेबलाखालून बाहेर येत होता, पण त्याचे मागचे पाय त्याच्याबरोबर येत नव्हते. तो टेबलाच्या पायाला धडकला, थांबला, पुन्हा त्याच पायाला धडकला. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत काहीच नव्हते; माझ्यातली एकही चूक त्याला दिसत नव्हती. मी कान टोचला, तरी तो हलला नाही. यंत्राने अडतीस दाखवले. तेवढ्यात त्याच्या जबड्याला झटके येऊ लागले.

डॉक्टर फोनवर शांत होती. "काकू, साखर खूप उतरलीय. साखर, मध, घरात जे गोड असेल ते बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. आणि चोळत चोळतच घेऊन या."

घरात जे गोड असेल ते. धाकटे, तू विसरली असशील, तुझ्या भाऊजींचा रक्तातल्या साखरेचा पहिला रिपोर्ट वाईट आला त्या संध्याकाळी मी घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली, आणि तेव्हापासून ह्या उंबऱ्याच्या आत गोडाचा कण आलेला नाही. याचा मला अभिमान होता. आता मी स्वयंपाकघरात एकामागून एक डबे उघडत होते: मीठ, मिरी, कॉफी, पुन्हा मीठ. शेजारणीच्या दाराला कुलूप. मी परत धावले तोवर बोक्याची मान एका बाजूला कलली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे तू उभी राहिलीस. तुझे यजमान गेल्यापासून तुझ्या पायाशी निजणारा एवढा एकच जीव, आणि तू तो माझ्यावर विसंबून सोडून गेलीस. हिला काय तोंड दाखवू, एवढे एकच वाक्य डोक्यात फिरत होते.

तुझे भाऊजी मात्र स्वयंपाकघराकडे आलेच नाहीत. ते शांतपणे चपलांच्या कपाटाशी गेले, त्यांचा डावा गमबूट काढला आणि उलटा केला. आतून एक मोजा पडला. मोज्यातून मधाची बाटली निघाली. अर्धी संपलेली.

मी म्हटले, "याबद्दल नंतर बोलू."

"हो," ते म्हणाले. "नंतरच बोलू."

त्यांनी बोटावर मध घेतला (झाकण एका हाताने उघडण्याची सफाई माझ्या नजरेतून सुटली नाही) आणि ओठ उचलून हिरडीवर चोळला. मग मी बोक्याला टॉवेलमध्ये घेऊन मागच्या सीटवर बसले, आणि ते गाडी चालवू लागले. प्रत्येक सिग्नलला मी एक बोट मध चोळत होते. तुझे भाऊजी, ज्यांना मी गाडी चालवताना आजवर रस्ताभर सूचना दिल्या, त्यांनी त्या दिवशी दोन सिग्नल तोडले आणि मी अवाक्षर काढले नाही. दवाखान्याच्या वळणावर त्याची जीभ हलली. चिमुकली, खरखरीत जीभ माझ्या बोटाला लागली, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण रडताना कोणी पाहिलेले मला आवडत नाही.

दवाखान्यात त्याला सलाईनमधून साखर दिली. पुढचे दोन्ही पाय धरून ठेवायला मदतनीस होता, पण तो धरायच्या आधीच ऑडिटर त्याच्याकडे खोट सापडल्यासारखे पाहू लागला, तेव्हा डॉक्टरही हसली. मग ती माझ्याकडे वळली. "काकू, राग मानू नका, एक विचारते. तुम्ही भांडं रिकामं झालेलं बघितलंत, की त्याला खाताना बघितलंत?"

असा प्रश्न मला वसतिगृहातही कधी कोणी विचारला नव्हता. तेवढ्यात तुझ्या भाऊजींनी हाताचा मध पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर तपकिरी दाणे बाहेर आले, मूठभर, आणि त्या पत्र्याच्या टेबलावर टणाटण उड्या मारत पसरले.

डॉक्टर म्हणाली, "काका, हे काय?"

"तो अर्धं टाकायचा," ते दाण्यांकडे बघत म्हणाले. "ही आत यायच्या आधी मी उचलायचो. कावळ्यांना घालायचो."

"का पण?"

"ही रागावली असती ना त्याच्यावर." मग दाणे गोळा करत, "सवय आहे हो. मी माझ्या पानातलंही असंच उचलतो."

मग त्या मुलीने अगदी हलक्या आवाजात समजावले की मांजर घाबरले की त्याची साखर नुसत्या भीतीनेही चढते, त्यामुळे माझ्या हातात मोजलेले आकडेही खरे नसावेत. तुझे भाऊजी भिंतीवरचा जंतांचा तक्ता वाचू लागले. म्हणजे बघ, आकडा माझ्या धाकाने खोटा आणि भांडेही माझ्या धाकाने खोटे; ह्या दोन खोट्यांच्या भरवशावर मी त्या पोरीकडून डोस वाढवून घेतला.

ऑडिटर काल घरी आला. डोस डॉक्टरने एकावर आणला आहे. रक्ताचा थेंब आता तुझे भाऊजी घेतात: मांडीवर घेऊन, कानात काहीतरी पुटपुटत. बोका डोळे मिटतो. सुई माझ्याकडेच आहे. तेवढे मी सोडलेले नाही. तू ठरल्या दिवशी ये आणि तुझी ठेव घेऊन जा. लेकीला व बाळाला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. मला धीर देणारे पत्र पाठवू नकोस. मला धीराची गरज नाही.

ता. क. २. ज्यासाठी लिहायला बसले ते वर आलेच नाही. तुझ्या भाऊजींचा पहिला रिपोर्ट वाईट आला होता. त्यानंतरचा प्रत्येक रिपोर्ट चांगला. तपासणीच्या आधीचा आठवडा ते मुकाट पानातले सगळे खातात, हे मला मंगळवारपासून आठवू लागले आहे. ते माझ्याशी खोटे बोलत नाहीत. ते मला रिकामे भांडे दाखवतात. तुझ्याशी मात्र ते खरे बोलतात, लग्नातही माझ्याआधी तुझ्याशीच बोलले होते. तेव्हा फोन कर, बोक्याची चौकशी म्हणून, आणि हळूच विचार: गोळ्या घेता का, काय खाता, पायांना मुंग्या येतात का. मला तपशील कळवू नकोस. घाबरायचे की नाही, एवढेच कळव.

ता. क. ३. आज सकाळी त्यांच्या ताब्यात दिले ते असे: मांजराचे भांडे, एक. साखर मोजायचे यंत्र, पट्ट्यांच्या डबीसकट, एक. मधाची बाटली, अर्धी. ती मिठाच्या शेजारी, उघड्या फळीवर ठेवायची, असे ठरले. गमबूट, डावा, रिकामा. दुपारी ते भांडे घेऊन माझ्यापुढे आले. तळाशी सात-आठ दाणे तसेच होते. मी पाहिले, डॉक्टरला फोन केला, आणि रागावले नाही.