दादाचं चित्र अडकतं

दि. ४ ऑगस्ट

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकशील. बारा-तेरा वर्षांत मी तुला ओळ लिहिलेली नाही. दर रविवारी सकाळी आपली गाठ पडतेच, आधी टेलिफोनवर आणि ही दोन वर्षं मोबाईलच्या पडद्यावर. पण रागावायचं असलं की मला कागदच लागतो. मोबाईलवर अक्षरं टिपत बसलो तर एक वाक्य पुरं होईपर्यंत राग निघून जातो.

परवा मी तुला सांगितलं, लवंगी गेली म्हणून. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर तुझ्या डाव्या हाताला एकवीस वर्षं बसलेली लवंगी. तुझ्या बाळंतपणात तिने तुझ्या पाळ्या केल्या, तू तिच्या आईच्या आजारपणात तिच्या केल्यास. हे सगळं मी तुला आठवून सांगत होतो. आणि बेबी, तू हसलीस. नुसती हसली नाहीस, मान डोलावून "छान, छान" म्हणालीस. मग बोलणं मध्येच तुटलं. लाईन गेली असं तुला वाटलं असेल. लाईन गेली नव्हती, मी बोट दाबलं.

तुझ्या वहिनीच्या माघारी रविवारची सकाळ एवढीच मला बोलायची जागा उरली आहे. पण गेली दोन वर्षं मी बोलतो आणि तू "बरं", "हो का", "छान" एवढ्यावर भागवतेस. ज्या मुलीच्या बडबडीला कंटाळून घरचे सगळे कानात बोटं घालायचे, तिचं हे असं झालं. मुलाच्या घरी मन रमलं असेल तर आनंदच आहे. माझा कंटाळा येत असेल तर तसं स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण समजून घेईन.

सूनबाईंना आणि चिरंजीवांना आशीर्वाद. लोभ कमी झालेला नाही, झाला असता तर दोन पानं खरडली नसती.

तुझा
दादा

---

दि. ८ ऑगस्ट

ति. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. लवंगी गेली हे मला त्या पत्रातून कळलं. परवाच्या रविवारी नाही. हे वाक्य दोनदा वाच, म्हणजे पुढचं लिहिणं मला सोपं जाईल.

दादा, मला ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता ना, तो उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली आहेत. त्यांतून खडखडाट येतो, शब्द येत नाहीत. तुला सांगायचं नाही अशी मी सूनबाईला शपथ घातली. जिने जन्मभर कानावर पोट भरलं, तिने हे भावाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग मी ओठ वाचायला शिकले. दुपारी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. सूनबाई म्हणते की आता मी शंभरातले सत्तर शब्द धरते. घरातल्यांशी चाललं आहे माझं. पडद्यावर तू दिसायला लागलास तेव्हा वाटलं, चला, दादाचंही जमेल.

पण तुझं चित्र अडकतं. तोंड उघडं राहतं, डोळे अर्धे मिटलेले, आणि तू पाच-सहा सेकंद तसाच फोटोसारखा बसून असतोस. मग एकदम हलतोस, तोवर चार वाक्यं निघून गेलेली असतात. कधी कधी तर सगळा चेहराच चौकोनाचौकोनांत विरघळतो. सूनबाईला तुझा आवाज नीट ऐकू येतो म्हणे. पण तिला शेजारी बसवून तुझं बोलणं तिच्याकडून समजून घ्यायचं हे मला नको होतं. रविवारी मीच तिला खोलीबाहेर पाठवते. मग तुझा चेहरा ज्या भावात अडकेल त्यावरून मी उत्तर देते. परवा तू सुरुवातीला "कशी आहेस" म्हणून हसलास आणि हसतानाच अडकलास. मला वाटलं काहीतरी बरी बातमी आहे. म्हणून मी हसले.

लवंगीसाठी काल दिवसभर रडले. तुझ्यासाठीही थोडी.

राग उतरला असेल तर माया पूर्ववत ठेवावीस.

तुझी
बेबी

---

दि. १९ ऑगस्ट

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या पत्रातलं सगळं मागे घेतो. ते पत्र फाडून टाक. तुझं पत्र दोन दिवस मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी लाज बाजूला ठेवली आणि कामाला लागलो, कारण जुन्या लाईनमनला लाईन तपासणं एवढं एकच काम येतं.

मला एक कळेना. तुझं चित्र माझ्याकडे चांगलं स्वच्छ येतं. तुझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येते. मग माझं तुझ्याकडे का अडकावं? म्हणून दोष तुमच्याकडचाच असणार असं मी ठरवून टाकलं. इंटरनेटचा वेग मोजला तर माझ्याकडे नऊ एमबीचा आकडा आला, म्हणजे पुरेसा. तरी कंपनीत तक्रार केली. त्यांनी एक बाई पाठवल्या, पन्नाशीच्या, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि बोलायला रोखठोक. आमची जुनी ओळख निघाली. फायबरची, म्हणजे काचेच्या तारेची, जोडणी घ्या म्हणून त्या तीनदा आल्या होत्या आणि तिन्ही वेळा मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

त्या म्हणाल्या, काका, नऊ आहे तो येण्याचा वेग. जाण्याचा वेग बघा. तो पावसुद्धा भरला नाही. माझ्या तांब्याच्या तारांच्या जोडीवर येणाऱ्याला मोठा रस्ता दिलेला असतो आणि जाणाऱ्याला पायवाट, कारण लोक घरी बसून बघतात जास्त आणि पाठवतात कमी. तुझा चेहरा मोठ्या रस्त्याने माझ्याकडे यायचा, माझा पायवाटेने तुझ्याकडे निघायचा आणि कोंडायचा. आवाजाला जागा थोडी लागते, तो निसटून जातो. चित्राला भरपूर लागते. म्हणून दोन वर्षं मला काही कळलंच नाही. मला जे दिसत होतं ते उत्तम होतं.

मग बाईंनी घर पाहिलं. राउटर मी आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. तुझ्याशी बोलतो मी पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि कपाट. बाई म्हणाल्या, याच्या तोंडावर तुम्ही उशीच दाबून ठेवली आहे. तो उचलून पुढच्या खोलीत उघड्यावर मांडला. शिवाय माझा मोबाईल मला न विचारता माझे सगळे फोटो कुठेतरी साठवायला पाठवत असतो, त्याच पायवाटेने. ते बंद केलं.

तरी आकडा हलेना, म्हणून कोपऱ्यावरचा केबलचा खड्डा उघडला. झाकण उचललं तर आत पाणी, आणि पाण्यात बुडालेला तारांचा जॉइंट. बाईंनी तो वर काढला. बेबी, जॉइंट माझा होता. बांधणी बघताच ओळखला, शेवटचा वेढा उलटा घालायची खोड फक्त मला होती. बत्तीस वर्षांपूर्वीचा. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. साध्या बोलण्याला तो अजून पुरत होता, पण एवढ्या ओझ्याला नाही.

तो आम्ही दोघांनी मिळून नवा बांधला. आता जाण्याचा आकडा पाववरून अर्ध्यापर्यंत चढला आहे. रविवारी बघून सांग.

तुझ्यावर जीव असलेला
दादा

---

दि. २७ ऑगस्ट

ति. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तू आधीपेक्षा बरा दिसलास. चौकोन कमी झाले. पण अडकतोस अजून, विशेषतः हात हलवून बोलायला लागलास की. जास्त हललं की जास्त पाठवावं लागतं असं सूनबाई म्हणते. मग तू पुतळ्यासारखा बसलास आणि मला हसू आलं. हात न हलवता बोलणारा दादा मी प्रथमच पाहिला. तिने आमच्याकडचंही तपासलं. तिची आणि मुलाची कामाची बोलणी दिवसभर याच जोडणीवर चालतात, पण रविवारी सकाळी नऊला ती बंद असतात. आमच्याकडे अडचण नाही.

तुझा जॉइंट वाचून मन कुठच्या कुठे गेलं. नोकरी लागली तेव्हा मी वीस वर्षांची होते. अर्ज तूच आणून दिलास आणि भरलासही तूच, कारण माझं अक्षर पाहून साहेब नाकारतील असं तुझं म्हणणं होतं. ती लांब खोली, ओळीने मांडलेले बोर्ड, कमरेला टेकलेल्या खुर्च्या, डोक्यावर हेडसेट. दुपारी तू कुठल्यातरी खांबावर चढायचास, टेस्टफोन तारेला लावायचास आणि नेमका माझ्या बोर्डावर यायचास. मी ओळख न दाखवता नंबर विचारायचे. तू खांबावरून गंभीरपणे विचारायचास की, बाई, डब्यात आज काय आहे. लवंगी शेजारून सगळं ऐकायची आणि पदर तोंडात कोंबून हसायची. एकदा पर्यवेक्षक बाईंनी लाईनवर मध्येच येऊन तुला पकडलं आणि कुणी टवाळखोर ग्राहक समजून झापलं, ते आठवतं?

माझ्या आवाजावरून लोक मला ओळखायचे, दादा. दुकानात काही मागितलं तर दुकानदार विचारायचा, तुम्ही एक्स्चेंजमध्ये का? आता तो आवाज कसा झाला आहे ते मला माहीत नाही. गेल्या वर्षी औषधांच्या दुकानात मी काहीतरी विचारलं आणि सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हापासून मी "बरं" आणि "छान" यावरच भागवते. ते हळू म्हणता येतात.

एक मात्र ऐक. माझ्यासाठी तुझी तांब्याची लाईन काढू नकोस. ती तू स्वतः टाकलेली आहे. अर्धा दिसलास तरी मला चालेल. पत्रं आहेतच.

वहिनीच्या फोटोला माझा नमस्कार. आठवण ठेवतोसच, ठेवत राहा.

तुझी
बेबी

---

दि. ८ सप्टेंबर

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. लहानपणापासून ऐकलेलं नाही, आता काय ऐकणार.

बाईंना मी सरळ विचारलं, याहून वर जाईल का? त्या म्हणाल्या, जॉइंट आता उत्तम आहे, पण तुमचं घर एक्स्चेंजपासून पावणेचार किलोमीटर. तांब्यातून जाताना वाटेत जोर ओसरत जातो, जितकं लांब तितकं कमी. हे मला शिकवायची गरज नव्हती. जन्मभर मीच दुसऱ्यांना सांगत आलो. फक्त स्वतःच्या घराचं अंतर कधी मोजलं नव्हतं.

तीनदा मी त्यांना का परत पाठवलं ते तुला सांगतो, इतर कुणाला सांगणार नाही. भिंतीला भोक पडेल म्हणालो, ते खोटं. या गल्लीतली लाईन मी टाकली. एकेक करून सगळ्यांनी ती सोडली, शेवटचा ग्राहक मी उरलो होतो. मीही सोडली तर मी या गल्लीत काही केलं होतं याची खूण राहणार नाही, असं वाटायचं. त्या हट्टापायी माझी बहीण दोन वर्षं माझ्या अडकलेल्या तोंडाकडे बघून हसत बसली. हे कळल्यावर तांब्याचं प्रेम कुठे ठेवू?

काल बाई काचेची तार घेऊन आल्या. केसाहून बारीक, बेबी. माझ्या पांढऱ्या मिशीतला केस शेजारी धरून पाहिला, तोच जाड निघाला. त्यातून उजेड जातो. दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरतात, एक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून एक होते. वेढा नाही, बांधणी नाही. सांधा शोधून सापडत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. उजेडाला अंतर जवळजवळ जाणवतच नाही म्हणे, आणि जाण्याचा रस्ता येण्याच्या रस्त्याएवढाच रुंद. आकडा चाळीस. दोन्हीकडे.

जुनी तार बाई कापणार होत्या. मी पक्कड मागून घेतली आणि स्वतः कापली. बाईंनी तेवढा वेळ दुसरीकडे बघितलं. मग आम्ही चहा घेतला आणि त्यांनी उलट्या वेढ्याची खोड मला कुठून लागली ते विचारलं. तासभर सांगत बसलो.

रविवारी नऊला बसतो, खिडकीकडे तोंड करून. उजेड चेहऱ्यावर असला की ओठ नीट दिसतात, हे मी आरशात तपासून ठेवलं आहे. सूनबाईंना आशीर्वाद. तुझ्या वाटणीची माया मोजून ठेवलेली नाही, हवी तेवढी घे.

तुझा
दादा

---

दि. १५ सप्टेंबर

ति. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

परवा सगळं बोलून झालं, तरी लिहायला बसले. काही गोष्टी तुझ्यासमोर बोलता आल्या नाहीत.

तू किती म्हातारा झाला आहेस, दादा. दोन वर्षं चौकोनांमुळे मला कळलंच नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसलं, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. बटण लावून घे. सुरुवातीला तू एकेक अक्षर तोंड वेडंवाकडं करून म्हणायला लागलास, जणू मी बालवाडीत आहे. नीट बोल म्हटल्यावर नीट बोललास आणि मग एक शब्द सुटला नाही. लवंगीला शेवटी फार त्रास झाला नाही हे तू सांगितलंस, सकाळी खुर्चीत बसल्या जागी गेली, हे मी तुझ्या ओठांवरून घेतलं. त्यानंतर आपण दोघं रडत बसलो तेही चांगलं झालं. सूनबाई दारात येऊन उभी राहिली आणि तशीच मागे गेली.

मग मी तुला ते विचारलं. विचारायला दोन वर्षं लागली. माझा आवाज आता कसा येतो, खरं सांग म्हणाले. तू लगेच चष्मा पुसायला घेतलास आणि हात तोंडासमोर आला. मला उत्तर दिसेना. हात खाली घे म्हणून मी ओरडले, तेव्हा घेतलास.

तू म्हणालास, मोठा येतो, चांगला मोठा येतो, पण माझ्या कानांना आता तेवढाच लागतो.

काल मी औषधांच्या दुकानात गेले होते. रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर जे हवं होतं ते पूर्ण वाक्यात मागितलं. लोकांनी वळून पाहिलं. मी पुढचंही वाक्य बोलले.

रविवारी नऊला बसते आहे. तोवर आणि त्यानंतरही असाच जवळचा राहा.

तुझी
बेबी