विहिरीवरचा आठवा दगड

मी, शालूबाई कृष्णात भोपळे, वय चौऱ्याहत्तर, राहणार उचगाव, तालुका करवीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढचं वाचून तसं वाटणार नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. उचगावचं राहतं घर मुलगा बाळासो याला द्यावं.

२. पिठाची गिरणी मुलगी संयोगिता हिला. दगडाला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडीही तिलाच. बाळासोला ती कधी धरता आली नाही आणि शिकायची त्याला लाज वाटली. बँकेतली ठेव दोघांनी निम्मी वाटून घ्यावी.

३. मुरगूडचं रान माझ्या माहेरचं, माझ्या नावावर आहे. ते दोघांच्या सामाईक मालकीचं राहील. ते विकू नये. त्यातली विहीर बुजवू नये. बाळासोने प्लॉट पाडायचं मनात आणलं आहे, म्हणून कारण लिहिते.

विहिरीच्या काठावर पाण्यातल्या साती आसरांचे सात दगड आहेत. दर अमावास्येला आम्ही पोरांना घेऊन तिथे जायचो, प्रत्येक दगडापुढे घास ठेवायचो, मग जेवायचो. संयोगिताची पोरं, आदर्श आणि तेजस्वी, तेव्हा लहान होती. काही खेपांतच ती कंटाळली. तेच रान, तोच दहीभात. आदर्श गाडीतून उतरेना. तेव्हा माझ्या यजमानांनी बांधावरचा एक दगड उचलला आणि सातांच्या शेजारी मांडला.

"ही आठवी. मोना नाव हाय हिचं, तुमच्याच वयाची. खेळायला कोण न्हाई म्हणून रुसून बसलीया."

पोरं उतरली. पुढे दर खेपेला ते मोनाची एक नवी गोष्ट सांगायचे. तिला पेरू आवडतो. ती लपाछपीत कधी सापडत नाही. मग पोरंच अमावास्या कधी म्हणून विचारू लागली.

जागेला घास द्यावा, पण तिला नाव देऊन जेवू घालू नये, असं माझी आई सांगायची. मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, तुझी आई काय बी सांगायची. हे भांडण आता त्यांच्या फोटोशी रोज चालतं, त्याचा वारसा कुणाला देत नाही.

रानातून निघताना पोरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आमच्याकडे रीत आहे. त्याने पोराचा जीव मागे राहत नाही. एकदा तेजस्वीने आपणहून हाक दिली, "मोना, चल की." आम्ही सगळे हसलो. परतताना पोरं मागच्या सीटवर दाटीने बसली होती. जागा भरपूर होती.

पुढच्या अमावास्येला रानात गेलो की मोना तिथे उतरत असावी, असं मी मानते. कारण खेपा चालू होत्या तोवर घरात काही झालं नाही. मग पोरं मोठी झाली, यजमान गेले, माझे गुडघे गेले. खेपा थांबल्या.

बाळासोची राजनंदिनी पाच वर्षांची आहे. तिने ते रान पाहिलेलं नाही. मोनाचं नाव तिच्यापुढे कुणी काढलेलं नाही. या पाडव्यापासून ती ताटाच्या कडेला एक घास काढून ठेवते. कुणाचा, म्हणून मी विचारलं.

"मोनाचा. तिकडं कोण येत न्हाई म्हणती. मलाच ये म्हणती. विहिरीत लय जागा हाय."

बाळासो म्हणतो, टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल. पण घरच्या पाण्याच्या टाकीला त्याने कुलूप लावलं आहे.

४. म्हणून अमावास्येची खेप पुन्हा सुरू करावी आणि घरात पोर आहे तोवर मोडू नये. पोरांना ओढून नेऊ नये. कंटाळलेलं पोर घरी राहतं, मग मोनाही घरीच राहते. दर वेळी वाट बदलावी. एका पोराला मुकादम करावं आणि मोठ्यांनीही त्याचं ऐकावं. चूल पोरांना मांडू द्यावी. पाणी मात्र मोठ्यांनीच काढावं. मागच्या खेपेला न दिसलेलं काहीतरी प्रत्येकाने शोधून आणावं: खेकड्याचं बीळ, सापाची कात, पडलेलं घरटं. त्यावर जेवताना बोलावं. खेळ रंगात असतानाच निघावं, म्हणजे उरलेल्या खेळासाठी पोरं पुन्हा येतात. फोटो काढावेत, पण त्यातली पोरं मोजत बसू नये. मोनाची नवी गोष्ट कुणी रचू नये. तिच्यात आता आहे तेवढं पुरे.

५. ती विचारते म्हणे, शालूबाई मला काय देणार. राजनंदिनीने निरोप दिला. उत्तर इथे लिहिते. या घरात तिचा हक्क नाही. उंबऱ्याच्या आत तिचं काही नाही. तिला मी देते ते खालच्या कलमात आहे.

६. माझी रक्षा पंचगंगेत सोडू नये. मुरगूडला विहिरीकाठी पुरावी आणि वर नववा दगड ठेवावा. पोरांबरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतं. एवढी वर्षं तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मला खेळ येतात. मी तिला गुंतवून ठेवीन. गुडघ्यांची अडचण तेव्हा नसेल.

निघताना पोरांना हाक मारा, फक्त घरच्या पोरांना. राजनंदिनीला माझा लळा आहे. ती सवयीने म्हणेल, आजी, चल की. तिच्या तोंडावर आधीच हात ठेवा.

मला हाक मारू नका. मी आले, तर एकटी येणार नाही.

हे सगळं दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. मी त्यांच्या देखत सही केली, त्यांनी माझ्या.

शालूबाई कृष्णात भोपळे (सही)

साक्षीदार:
बनाबाई दत्तू खोत, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
मीरासाब हुसेन मुल्ला, गिरणीचे मिस्त्री (सही)

उचगाव, भाद्रपद अमावास्या, २१ सप्टेंबर २०२५