कुत्रं कुणाचं?

चिंचवस्ती, ता. पाथर्डी
सोमवार

तीर्थस्वरूप सौ. मामींना पंकजाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला गेला का? आणि कोंबड्या सगळ्या सुखरूप ना? विशेषतः बुंदी. (तिच्या अंगावरचे ते ठिपके आमच्या घरी सगळ्यांना फार आवडतात. म्हणजे बघायला.) तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहिते? मामी, फोनवर तुम्ही माझ्या पहिल्याच वाक्याला ‘न्हाई जमायचं’ म्हणता, आणि ही हकीकत पहिल्यापासून सांगितल्याशिवाय कळणारी नाही. पत्राला मध्येच अडवता येत नाही.

बटर तुम्ही पाहिलाच आहे. तीन वर्षांपूर्वी खारी-बटरवाल्याच्या सायकलीमागे धावत एक तांबूस पिल्लू वस्तीवर आलं. सायकल पुढे गेली, पिल्लू आमच्या ओट्याशी राहिलं. ‘हे कुत्रं आपलं न्हाई,’ असं अण्णांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि स्वतःच्या चहातला अर्धा बटर मोडून त्याच्यापुढे टाकला. तेव्हापासून भाकरीचा पहिला तुकडा त्याचा, अण्णांच्या खाटेखालची सावली त्याची, अण्णा रानात निघाले की मागे चार पावलांवर तो. पण कुत्रं आपलं नाही. कोणी विचारलंच तर अण्णा म्हणतात, ‘ऱ्हातंय हितं.’ जणू भाडेकरू.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना नगरला एक व्याख्यान ऐकलं होतं. कुत्रा पाळणं म्हणजे उरलेली भाकरी टाकणं नव्हे. त्याला लस द्यायची, स्वच्छ पाणी ठेवायचं, त्याने केलेल्या घाणीची आणि नुकसानीची जबाबदारी घ्यायची. मला ते मनापासून पटलं. (आईच्या मते तेव्हापासून माझं डोकं फिरलं.) घरात पहिली पदवी आली ती नुसती भिंतीवर टांगायची का? मी बटरला साखळी आणली आणि सकाळी फिरवायला निघाले. पहिल्या दिवशी तीन जणांनी विचारलं की बाजारला नेतेस का, किती येतील ह्याचे. दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत हात घालून रस्त्यावरची त्याची घाण उचलली. नेमकी तेव्हाच आई पाण्याला आली होती. ती हंडा खाली ठेवून नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ‘पंधरा वर्सं शाळा शिकवली, ती ह्याच्यासाठी व्हय गं?’ मी म्हटलं, हो. तेवढ्यावर तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग मी ठरवलं की एकट्या बटरला लस देऊन भागणार नाही, सगळ्या वस्तीचं शिबिर घ्यायचं. जनावरांच्या डॉक्टर मनवा मॅडम लगेच कबूल झाल्या. त्यांची अट एकच, प्रत्येक कुत्र्यामागे ‘हे माझं’ म्हणणारा एक माणूस हवा. तो त्याला धरेल आणि पुढच्या वर्षीही आणेल. मला वाटलं, ही काय अट झाली! मी घरोघरी गेले. ‘हे कुत्रं तुमचं का?’ मामी, काय सांगू. उंबऱ्यावर कुत्रं झोपलेलं, त्याला ओलांडून माणूस बाहेर येतो आणि म्हणतो, ‘कोन? हे? ह्याला तर आमी आजच बघतोय.’ सगळी वस्ती फिरले. कुत्री भरपूर, मालक एकही नाही. शेवटी आईनेच (अबोला तोडून) उलगडा केला. म्हणाली, ‘येडे, कुत्रं कुनाचं, असं लोक कवा इचारत्यात? चावल्यावर न्हाईतर कोंबडी गेल्यावर. तू दारात जाऊन भांडान काढतीस आन् वर हसतीस.’

आणि कोंबडी खरंच गेली होती. शेजारच्या लंकाकाकूंची काळी कोंबडी तीन आठवड्यांपूर्वी नाहीशी झाली आणि त्याच दुपारी बटरच्या नाकाला काळं पीस चिकटलेलं त्यांनी पाहिलं. काकू आमच्या अंगणात येऊन गरजल्या, ‘कुत्रं कुनाचं हाय?’ अण्णा विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘आमचं न्हाई.’

मला फार लाज वाटली. बटरने कोंबडी खाल्ली याचं तर दुःख होतंच, पण ज्याला रोज हाताने भरवायचं त्याला ऐन वेळी ओळख दाखवायची नाही, हे कसलं? मी बटरलाही समजावून सांगितलं. त्याला पश्चात्ताप झाला असावा. तेव्हापासून तो खाटेखाली येत नाही, घरामागच्या कडब्याच्या गंजीपाशी एकटाच पडून असतो, कोणी जवळ गेलं की गुरगुरतो. थाळीतली भाकरी रोज चाटूनपुसून संपते, तरी तो वाळतच चाललाय. (मन खात असलं की अंगी लागत नाही, असं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, कुत्र्याला जंत झाले असतील.)

काल रविवारी सकाळी दूध डेअरीसमोर शिबिर भरलं. जागा मीच निवडली होती, कारण दूध घालायला सगळे येतात आणि माणसामागे कुत्रीही येतात. आली. एकेका सायकलीमागे एकेक कुत्रं शिस्तीत बसलेलं, आणि सगळी माणसं त्यांच्याकडे पाठ करून, जणू ही कुत्री कुठल्या परक्या गावची. मनवा मॅडमनी लस, पाणी, जखमा, सगळं छान समजावलं. नसबंदीचा विषय निघताच अण्णा टोपी नीट करत म्हशींच्या गोष्टी करायला बाजूला गेले. ‘आता आपापलं कुत्रं धरून पुढे या,’ मॅडम म्हणाल्या. कोणी हललं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, बटर माझा आहे. लंकाकाकू पदर खोचून उभ्याच होत्या. ‘तू उद्या लगीन होऊन जाशील. घरातल्या कर्त्या मानसानं बोलावं. न्हाईतर बिनमालकाचं कोंबडीखाऊ कुत्रं ह्या टेम्पोत घाला आन् करंजी घाटाच्या खाली सोडा.’

नगरला जाणारा दुधाचा टेम्पो उभाच होता. ड्रायव्हरने फाळका पाडला. आणि मामी, आमचा शहाणा बटर, टेम्पोत बसायची हौस फार म्हणून, स्वतः उडी मारून आत जाऊन बसला. कॅनच्या मधे बसून शेपूट हलवत एकट्या अण्णांकडे बघत होता. ड्रायव्हर फाळका लावायला लागला. 

अण्णांनी तोंडातली तंबाखू थुंकली. ‘उतर,’ म्हणाले. एवढंच. बटर अर्ध्या फाळक्यावरून उडी टाकून त्यांच्या पायाशी येऊन बसला. सगळी डेअरी बघत होती. काकूंनी संधी साधली, ‘मंग? कुनाचं हाय भिमाजीभाऊ?’

अण्णा म्हणाले, ‘आपलं हाय. तीन वर्सं झाली. काय म्हननं हाय तुमचं? कोंबडी भरून देतो.’

मामी, मी पदवी घेतली तेव्हा अण्णा फोटोत दिसावेत म्हणून त्यांना ओढावं लागलं होतं. काल मात्र ते आपण होऊन पुढे आले, बटरला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि सुई टोचताना स्वतःच डोळे मिटून घेतले. मॅडमनी लस दिलेल्याची खूण म्हणून बटरच्या गळ्यात लाल पट्टा बांधला. मग मागून एक आवाज आला, ‘आमच्या काळ्याला बी लालच द्या.’ त्यानंतर रांग लागली. ज्यांना कोणी ओळखत नव्हतं अशा कुत्र्यांना दहा मिनिटांत नावं, बाप आणि आजोबा मिळाले. शेवटी लंकाकाकू आपल्या पिवळ्या कुत्रीला कडेवर घेऊन आल्या (तिलाही त्या तोवर ओळखत नव्हत्या) आणि हळूच विचारलं, ‘हिरवा हाय का? हिला लाल खुलत न्हाई.’

असं सगळं आनंदात आहे. मामांना नमस्कार सांगा. खोकल्यावर आईने अडुळसा सांगितलाय.

तुमची,
पंकजा

ता. क. – अण्णांनी कोंबडी भरून देतो म्हटलं, तेव्हा काकूंनी विचारलं, कुठली. मागच्या वर्षी तुमच्याकडच्या जावळाला काकू आल्या होत्या, त्यांनी बुंदी पाहिली आहे. अण्णा भरात होते. चारचौघांत ‘देतो’ म्हणून बसले. मामी, पत्र इथे फाडू नका.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार, तेवढ्यात घरामागे चिवचिव ऐकू आली. कडब्याच्या गंजीतून लंकाकाकूंची काळी कोंबडी बाहेर पडली, मागे पिल्लांची रांग, आणि शेवटी बटर. ती तीन आठवडे आमच्या कडब्यात खुडूक बसली होती, बटर तिची राखण करत होता आणि बहुधा थाळीतली भाकरीही तीच खात होती. पश्चात्तापाचं मी जे लिहिलं ते खोडा. आईने जंतांचं औषध परत ठेवलं. काकू धावत आल्या. कोंबडी कुणाची, हे कोणी विचारायच्या आत ‘माझी!’ म्हणाल्या. मला वाटलं, बुंदी वाचली. पण काकूंचं म्हणणं, शब्द तो शब्द. आणि अण्णांचंही तेच. त्या बदल्यात काळीची दोन पिल्लं तुम्हाला, असं मी ठरवून घेतलंय. (बटरची क्षमा मी मागितली. काकू मागतील असं वाटत नाही.)

ता. क. ३ – बुंदीला न्यायला अण्णा येत्या रविवारी स्वतः येणार आहेत, कांद्याच्या टेम्पोतून. बटरही येणार, पुढच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर. मी म्हटलं, तो राहील माझ्याजवळ. तर मलाच सुनावलं की मालकानं जबाबदारी दुसऱ्यावर टाकू नये, मॅडम काय म्हनल्या ऐकलं न्हाई का. तेव्हा बाकीच्या कोंबड्या हवं तर कोंडून ठेवा. फक्त एक करा, मामी. टेम्पोतून उतरल्यावर कुत्रं कुणाचं म्हणून मामांना नाहीतर शेजाऱ्यांना तेवढं विचारायला सांगा. उत्तर द्यायला अण्णा हल्ली वाटच बघत असतात.