पेटी गिळणारी मशीन

आमगाव,
२ नोव्हेंबर २०२५

चि. उदारामास वच्छलाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेहून तू केशोरीले सुखरूप पोचलास हे समजलं. फोनवर तुले ऐकू येत नाही म्हणून आपलं सारं पत्रावर. आता नवीन मशीन कानात आहे, तवा बहाणे बंद! दुर्गेशनं नागपूरहून आल्याबरोबर मामाले गोंदियाच्या दुकानात नेलं, जुनी मशीन बदल्यात देऊन ही घेतली. पोरानं मायले काही आणलं नाही, मामाले आणलं, ध्यानात ठेव. तो म्हणते, ही बोलते, पावलं मोजते, दुसऱ्या भाषेतलं मराठी करून सांगते, अन् गोंगाट आपणच ओळखून बंद करते. तुझी जुनी तर नुसतं ऐकवत होती.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतले नाटकं सुरू झाले असतील. तुझी पेटी वाजवताना कशी ऐकू येते ते कळव, अन् दुर्गेशले दोन चांगले शब्द लिही. वाट पाहून राहिला.

तुझ्यावर माया अन् राग दोन्ही करणारी,
बाई

केशोरी,
११ नोव्हेंबर

ती. बाईस उदारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

दोन चांगले शब्द शोधून राहिलो. सापडले की लिहितो.

मशीन बोलते हे खरं आहे. कानात एक बाई येऊन बसली. बॅटरी भरली की सांगते, उतरली की सांगते. बांधीत धान कापाले गेलो तर एवढे पावलं झाले म्हणून हिंदीत शाबासकी देते. मी बांधीत कायले जातो, पावलं मोजाले? शेजारचा इतवारी गोंडीत बोलला, तर म्हणे भाषा समजली नाही. त्याची गोंडी मले लहानपणापासून समजते, अडलं तिचंच.

हे सारं सोसलं असतं. पण परवा आपल्या मंडईत आमच्या मंडळाचं नाटक होतं. आमची नायिका संध्या पद म्हणाले उभी राहिली, मी सूर धरला, अन् बाई, पेटी मुकीच झाली! वाटलं भाता फाटला. जोरानं हाणला. पट्टी बदलली, तीही मुकी. संध्या एकीकडे, मी भलतीकडे. बिचारी अर्ध्या पदात थांबली. लोक हासले, शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्या ऐकू आल्या! पहिल्या रांगेत एक जण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, तेही ऐकू आलं. घरी येऊन तपासलं. माणसाचं बोलणं कानात येते, पण पेटीचा लांब सूर धरला की मशीन गिळून टाकते. गोंगाट ओळखणारी म्हणे!

नाटक संपल्यावर मंडळाचे मालक ईश्वरदास म्हणाले की पेटीमास्तर, आता आराम करा, पुढच्या खेळाले दुसरा माणूस पाहतो. हे मात्र मशीननं अगदी साफ ऐकवलं.

माझी जुनी दुकानात पडली असंल तर परत माग.

जीव लावतेस तसाच लावून ठेव.
तुझा उदाराम

आमगाव,
१८ नोव्हेंबर

चि. उदारामास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं अन् ताट सोडून दुर्गेशले फोन लावला. पेटीशिवाय तू म्हणजे काय, हे मले सांगाले नको.

दुर्गेशनं दुकानात फोन केला. बदल्यात आलेल्या मशिनी तवाच मोडीत जातात म्हणे. वरून तो दुकानदार म्हणाला की मामांना वापरता येत नसंल. दुर्गेशही तेच म्हणाला, तवा मी त्याले विचारलं की घेताना मामाले पेटी वाजवून पाहू दिली होती काय?  येत्या रविवारी तो गोंदियाले येते. तू पेटी घेऊनच ये. भांडू नको, म्हणजे पहिले तरी नको.

काळजीत असलेली,
बाई

केशोरी,
४ डिसेंबर

ती. बाईस नमस्कार. वि. वि.

पेटी यष्टीत मांडीवर घेऊन गेलो अन् दुकानाच्या काचेवर ठेवली. दुकानदार म्हणाला की मशीन हळूहळू शिकते, तिले वेळ द्या. मी म्हटलं, शिकाऊच द्यायची होती तर माझी शिकलेली कायले मोडली? मग त्यानं मोबाइलवर बोटं फिरवून गाण्याचं बटण दाबलं. सूर धरला, तर मधेच ती बाई बोलली की संगीत सुरू झालं आहे. अन् मग सूर पुन्हा गिळला. दुकानदार म्हणे, लांब सुराले ती आपलीच कानात वाजणारी शिटी समजून दाबते.

तवा दुर्गेशनं मशीन माझ्या कानातून काढून आपल्या कानात घातली, दुसऱ्या कानात बोट कोंबलं अन् मले वाजवा म्हणाला. मी वाजवलं. पोराचं तोंड उतरलं. मशीन काचेवर ठेवून त्यानं दुकानदाराले सांगितलं की मामाची पेटी दिसते, ऐकू येत नाही, दुसरं दाखवा. दुकानदारानं नाक मुरडत मागून एक डबीवाली काढली. डबी खिशात, तार कानात, बोलत नाही, मोजत नाही. मी भाता ओढला अन् पेटी आली, बाई! संध्याचं अख्खं पद तिथंच वाजवलं. पद संपेपर्यंत दुर्गेश उभा होता.

इकडे ईश्वरदासनं कॅसिओवाला आणलाच होता. त्याच्यात घोड्याच्या टापा आहेत, पाऊस आहे, वीज आहे. संध्या रडाचं पद म्हणत होती अन् त्याच्या बोटाखालून घोडा पळाला. तिनं मालकाले सांगितलं की पेटीमास्तर नसतील तर मीही नाही. काल सडक अर्जुनीले मी वाजवलं. पद पूर्ण झालं, वन्समोअर आला.

दुर्गेशले चार चांगले शब्द वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. पण तो अजून म्हणते की मामा, गळ्यात तार लोंबते, लोक काय म्हणतील. त्याले सांग, लोक काय म्हणतात ते आता मले ऐकू येते.

मायेत कमी करू नको.
तुझा उदाराम