चिंचेने घासलेली बिदरी

प्रिय अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा सगळे रडले, तुमच्याबद्दल बोलले. मी गप्पच राहिले. आज लिहिते आहे, कारण आज मी मुख्याध्यापकांना तोंडावर "नाही" म्हटलं. मी! तुमचा विश्वास बसला असता का?

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं तुमचं कपाट रिकामं करायचं ठरलं होतं. आता वर्गात मोठा पडदा आलाय, त्यावर सगळं दिसतं. मग पितळेचे नळ, काशाची वाटी, पोलादाच्या पट्ट्या कशाला हव्यात? सरांनी बीदरहून आणलेली तुमची बिदरी तश्तरी दोन बोटांत उचलली. "ये भंगार कायकू रखे मॅडम? खराब बी हो गई." मग हसून म्हणाले, "आपके फादर की बात अलग थी. उनकी आवाज गेट तक जाती थी."

जायचीच. आणि माझी तिसऱ्या बाकापर्यंत. हे तुम्हीसुद्धा चार लोकांत सांगायचात. मला बरं वाटायचं नाही, अण्णा.

ती तश्तरी खराब कशी झाली, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?

मी नववीत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गावर तुमचा मिश्रधातूंचा तास होता. आई तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची, म्हणून मी तुमची काळी, चांदीची वेल जडवलेली तश्तरीही घासली. तुमच्या हातात लखलखीत वस्तू असावी, एवढंच मनात होतं. सगळा काळा रंग निघून गेला! चांदीची वेल मागच्या पांढुरक्या धातूत दिसेनाशी झाली. मी ती फडक्यात गुंडाळून तुमच्या पिशवीत ठेवून दिली.

वर्गात तुम्ही फडकं सोडलं. तश्तरी उलटसुलट करून पाहिलीत. मग ती उंच धरून म्हणालात, "पितळेत तांबं जास्त, जस्त कमी. बिदरीत जस्तच जस्त, तांबं नावाला. धातू तेच दोन, प्रमाण उलटं. म्हणून पितळेला चिंच चालते, हिला नाही. आमच्या घरात एक फार हुशार बाई आहे, तिने हे सिद्ध केलंय!"

वर्ग हसला. सगळ्यांना वाटलं, आई! पुढे कितीतरी वर्षं तुमचे विद्यार्थी बरकतपुऱ्याच्या घरी आले की तिला "चिंचवाल्या काकू" म्हणायचे. ती हसून चहा टाकायची. मी आतल्या खोलीत बसून राहायचे. तुम्ही एकदा तरी विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं. निदान आज तरी असं वाटतं.

तर आज मी सरांच्या हातातून तश्तरी काढून घेतली. म्हटलं, "नाही सर. पडदा राहू दे, कपाटही राहील. आता माझा तास आहे, येऊन बसा."

ते आले! मागे उभे राहिले. मी दहावीच्या मुलांच्या हातात पितळ दिलं, बिदरी दिली. काशाची वाटी वाजवायला लावली. तुमची वाक्यं मात्र घेतली नाहीत, माझ्या पद्धतीने शिकवलं. हळू बोलले. आणि शेवटी सांगितलं, "ही तश्तरी चिंचेने घासणारी मुलगी मी."

मग एक मुलगी म्हणाली, "फिर मार पडी क्या, मिस?"

"नाही. कुणी साधं विचारलंही नाही."

ती मुलगी अगदी शेवटच्या बाकावर बसते, अण्णा. म्हणजे तिथपर्यंत ऐकू गेलं होतं!

सर जाताना एवढंच म्हणाले, "चाबी आपके पास रखो."

बीदरला नेऊन तश्तरी पुन्हा काळी करून आणू, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. मी नेणार नाही. ती अशीच राहील आणि दरवर्षी मुलांना माझ्या नावासकट दाखवली जाईल. आणि आज घरी गेल्यावर, चहा ठेवायच्या आधी, मी आईला सांगणार आहे.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची शैला