खिडकीचा कोपरा

३ ऑगस्ट

बचाव केंद्रावर काम करणाऱ्या आउनेचा फोन. हसू आवरेना तिला. "सायमी, तुझी नववी बोट बुडाली की गं!" बुडाली कसली, आठवीच्या खाली दडली होती. बेटावरच्या समुद्र-बचाव केंद्रासाठी मी जावा भाषेत प्रोग्राम केलाय — कुणी बोट घेऊन निघताना मेसेज टाकला की पडद्यावर त्या बोटीचं कार्ड येतं, परतल्याचा टाकला की जातं. प्रत्येक कार्डाची जागा मीच आकड्यांनी ठरवून ठेवली होती. आठ कार्डांची. ऐन उन्हाळ्यात आठच बोटी! अक्कल गहाण ठेवली होती मी.

४ ऑगस्ट

आकडे सगळे काढून टाकले. आता मांडणी जावाचा लेआउट मॅनेजरच बघेल. त्याला जागा सांगायच्या नाहीत, फक्त एकाखाली एक बसव म्हणायचं. सौनाच्या वाफेच्या खोलीत बाकावर नवा माणूस आला की बाकीचे न बोलता सरकतात, तसं. तपासायला चार बोटी भरल्या, मग पडद्यावर प्रोग्रामची खिडकी उघडली — सुरेख बसल्या.

मग धक्क्यावर पाय सोडून बसले. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. आई याला दुधाचा दिवस म्हणायची. उठावंसंच वाटेना.

८ ऑगस्ट

बाबा पहाटे एकटेच जाळी काढायला जातात. आई गेल्यापासून कुणालाही न सांगता. शहात्तराव्या वर्षी! आज हट्टच धरला. "बाबा, केंद्राला एक मेसेज टाकत जा ना. माझ्याकडेही तोच प्रोग्राम चालतो, मी घरी पडद्यावर बघेन, बाकी काही विचारणार नाही." बराच वेळ कॉफी ढवळत राहिले. "बरं. टाकीन."

किती हलकं वाटलं मला!

१० ऑगस्ट

प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला. पहाटे कॉफी घेऊन समोर बसले. पडदा रिकामा. बाहेर मात्र बाबांच्या इंजिनाची टकटक, धुक्यात विरघळत गेलेली. झोपेत ऐकल्यासारखी.

११ ऑगस्ट

रिकामा.

१३ ऑगस्ट

भांडण झालं. "टाकतो की रोज," म्हणाले. मी म्हटलं, "मी रोज बघते. काही नसतं." "मग नीट बघत नसशील." माझ्या तोंडावर खोटं! मीही बोलून गेले — "आईला असं फसवलं असतंत?" कप न विसळता उठून गेले. बाबा, आणि कप न विसळता!

१६ ऑगस्ट, शनिवार

सौना तापवली. वाफेत अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या भिजवून ठेवल्या. बाबा आले नाहीत. एकटीच बसले, बाकावर कुणाला सरकायची गरज नव्हती. फार वाईट वाटलं.

१८ ऑगस्ट

केंद्रावर गेले होते. आउने बोलता बोलता माउसने प्रोग्रामच्या खिडकीचा कोपरा ओढते नि सोडते. हे काय? "अगं, नवी बोट आली की असं ओढायचं. मग दिसते. सगळ्यांना सवय झालीय आता."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, ती खिडकी चालतेच तशी!"

कपाळावर हात मारला. खिडकी उघडी असताना कार्ड जोडलं, तर पुन्हा मांडणी कर असं सांगावं लागतं. तेच राहून गेलेलं. कार्ड आत असतं, पण कोपरा ओढून खिडकी लहानमोठी केल्याशिवाय त्याला जागाच मिळत नाही. मी तपासताना बोटी आधी भरून मग खिडकी उघडली होती, म्हणून कळलंच नाही. एका ओळीचं काम. घरी येऊन घातली ती ओळ, केंद्रालाही पाठवली. आउनेचा हात तरी वाचेल.

१९ ऑगस्ट

पहाट. धुकं. कशालाही हात न लावता पडद्यावर एक कार्ड आलं.

बोट हेल्मी. माणूस एक. सातपर्यंत येतो. सायमी, आजही कळवलंय.

हेल्मी आईचं नाव.

थर्मास भरला. धक्क्यावर निघाले आहे.